आजोबांचा पाचशे शब्दांतला मृत्यू

माणसाची लायकी त्याच्या दुःखावरून ठरते, आणि दुःखाची लायकी शब्दमर्यादेवरून. ही मर्यादा पाचशे आहे.

धाकट्या बहिणीला ज्या महाविद्यालयात जायचं होतं, त्याने गेल्या वर्षीचे पन्नास यशस्वी प्रवेश-निबंध पुस्तिकेत छापले होते. मी ते मोजून काढले. आजी किंवा आजोबा वारल्याचे निबंध एकतीस (दोन ठिकाणी दोघंही, आठवड्याच्या अंतराने). हात किंवा पाय मोडल्याचे नऊ. स्पर्धा हरल्याचे सहा. उरलेले चार किरकोळ. त्यांतल्या तीन निबंधांत कुत्रा आहे, आणि शेवटी तोही जातो. सगळं सुरळीत चाललेल्या घराचा निबंध: शून्य.

मग घरची शिल्लक तपासली. मोडलेली हाडं नाहीत. कुत्रा नाही. आजोबा एक, वय अठ्ठ्याहत्तर, चालू स्थितीत.

आजोबा लिफ्टचे मेकॅनिक होते. निवृत्तीनंतरही आमच्या सात मजली इमारतीची लिफ्ट तेच बघतात, आणि दर रविवारी धाकटी त्यांच्याबरोबर वर मशीनरूममध्ये असते. त्या वर्षी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर चार सेंटिमीटर खाली थांबू लागली. बाकी सगळीकडे बरोबर. धाकटीने सहा रविवार पट्टी घेऊन मापं काढली आणि कारण शोधलं. आजोबांनाही ते सुचलं नव्हतं. तिला हेच महाविद्यालय हवं होतं, कारण तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींची एक अख्खी लिफ्ट उभी आहे. तेव्हा तिने निबंधात हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. लहान आहे, दुसरं काय.

निबंधांचे क्लास घेणाऱ्या सरांनी तो शांतपणे वाचला.

"छान आहे. पण यात रडायचं कुठे?"

"रडायचं नाहीये सर. लिफ्ट नीट झाली."

"तेच म्हणतोय मी. घरी कोण कोण असतं?"

धाकटीने सांगितलं, सरांनी कागदावर लिहिलं: आई, बाबा, ताई, आजोबा. मग पेन्सिलीने आजोबांभोवती गोल केला.

घरी हे ऐकून आईने कानांवर हात ठेवले. "अगं, धडधाकट माणूस समोर बसून चहा पितोय!"

"मारा की," आजोबा बशी खाली ठेवत म्हणाले. "कागदावरच मरायचंय ना? नातीच्या कामी आलो, झालं."

सरांच्या सूचनेवरून दुसऱ्या मसुद्यात आजोबा लिफ्टच्या खड्ड्यात पडले. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"हे चालणार नाही. लिफ्ट मजल्यावर नसेल तर दार उघडतच नाही."

"आजोबा, समजा उघडलं."

"समजा कसं? दार मी तपासतो. म्हणजे माझ्याच हातून चूक झाली असं लिहिणार? मी मरायला तयार आहे बाळा, पण हलगर्जीपणाने नाही."

तिसऱ्या मसुद्यात विजेचा धक्का होता. ("मेन स्विच पाडल्याशिवाय मी झाकण उघडत नाही. पुढे.") चौथ्यातलं दीर्घ आजारपण सरांनी नाकारलं, कारण ते फार शब्द खातं. पाचव्यात हृदयविकार आला.

"कधी येतो?" आजोबांनी विचारलं.

"मशीनरूममध्ये. काम करताना."

"काम झाल्यावर आण. अर्धवट टाकून जाणारा माणूस नाही मी."

यावर एकमत झालं. सरांचे डोळे चौदाव्या ओळीला पाणावले. त्यांच्या क्लासमध्ये सोळावी ओळ ही कमाल मर्यादा आहे. "आता फक्त ते दुरुस्तीचे दोन परिच्छेद काढ," ते म्हणाले, "तिथे माणूस भानावर येतो." दोनशे बारा शब्द निघाले. त्या जागी आजोबांच्या हातातला पाना आला, जो दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट होता. (लोखंड इतका वेळ कोमट राहत नाही. मी हरकत घेतली. ती नोंदवली गेली नाही.)

धाकटीला प्रवेश मिळाला. पत्राच्या शेवटी समिती तिच्या दुःखात सहभागी होती. आजोबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सभ्य माणसं आहेत."

पहिल्या दिवशी घरच्यांना प्रयोगशाळा दाखवणार होते. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात पट्टी ठेवली. फाटकावरच्या बाईंनी नाव वाचून धाकटीला निबंधावरून ओळखलं, तिचा हात हातात घेतला, आणि विचारलं, "आणि हे कोण?"

आई चपलेकडे बघत राहिली.

"शेजारचा," आजोबा म्हणाले. "सोबत आलो होतो."

शेजाऱ्यांना आत सोडत नव्हते. ते बाहेरच्या बाकावर बसले, एक तास पन्नास मिनिटं. आम्ही परत आलो तेव्हा ते उठून उभे राहिले.

"मजल्याला बरोबर थांबते का गं?"

"बघितलं नाही मी."

"असं कसं? काचेची आहे ना?"

"नाही बघितलं, आजोबा."

"मग गेलीस कशाला?" ते म्हणाले, आणि पट्टी तिच्या हातात दिली.

हा वृत्तांत छापायला देण्याआधी मी अकरा जणांना वाचायला दिला. धाकटीचं कसं चाललंय, असं अकराही जणांनी विचारलं. आजोबा आता बरे आहेत ना, असं आठ जणांनी. त्यांपैकी तिघांचे डोळे ओले होते. लिफ्ट तिसऱ्याच मजल्यावर चार सेंटिमीटर खाली का थांबत होती, हे विचारणारे: शून्य.