क्ष बादल्या

गणितात मला तोड नाही! (गेल्या मंगळवारपासून.) सहामाहीत आपटलेली मी, चाचणीत वीसपैकी अठरावर पोचले ते आमच्या गणिताच्या बाईंमुळे. त्याच बाई शनिवारी माझ्या मावशीच्या पार्लरमध्ये केस रंगवायला येणार होत्या. संध्याकाळी पाचला शाळेत त्यांचा निरोप समारंभ!

नेमका त्याच दिवशी नळ बंद. मावशीचा चेहरा पिळलेल्या टॉवेलसारखा झाला.

"टाकीत तीनशे लिटर आहे. बाईंसाठी शंभर तरी उरायलाच हवं. बाकी कामांना दहा लिटरच्या किती बादल्या काढू गं?"

"मी असताना काळजी करतेस?" मी लिपस्टिक उचलली आणि आरशावर असमानता मांडली. ३०० − १०क्ष ≥ १००. म्हणजे −१०क्ष ≥ −२००. उणे दहाने भागलं. क्ष ≥ २०! "किमान वीस बादल्या!"

"किमान? कमी काढल्या तर?"

"उत्तर चुकेल!"

बिचारी मावशी! तिने टॉवेल धुतले, फरशी धुतली, जिना धुतला. "अगं, सोळाच झाल्या!" मग आम्ही प्लास्टिकच्या फुलांना आंघोळ घातली. सव्विसाव्या बादलीनंतर मी मोजणंच सोडलं.

बाई आल्या. डोक्यावर काळा लेप थापून झाला. अर्ध्या तासाने मावशीने तोटी फिरवली. तोटीने एक ढेकर दिला आणि गप्प!

"अहो बाई, आता नाही धुतले तर केस जांभळे होतील!" मावशी रडकुंडीला आली.

बाई शांतपणे आरसा वाचत होत्या. "ऋण संख्येने भागल्यावर चिन्हाचं काय होतं?"

"उ... उलटं होतं."

"मग?"

"...जास्तीत जास्त वीस."

"शंभर लिटर म्हणजे दहा बादल्या. समोरच्या इमारतीत खाली बोअरवेलचा नळ आहे. पळ!"

पार्लर तिसऱ्या मजल्यावर! मी बादली दारात ठेवायची, मावशीने ती आत ओढायची, रिकामी परत द्यायची. आठव्या फेरीला माझे हात गुडघ्यांपर्यंत लांबल्यासारखे वाटत होते. दहावी बादली घेऊन मी थेट आत कोसळले.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. केस काळेभोर, वाळवलेले, विंचरलेले!

"बाई, हे कधी झालं?"

"तिसऱ्या बादलीलाच."

"मग बाकीच्या सात?"

बाईंनी पर्स खांद्याला लावली. "त्या चिन्ह उलटं करायला."