साहेबांचे बत्तीस अंश

थंडी सुरू झाली तेव्हा आमच्या घरात हीटर एक होता आणि गारठणारे दोघे होते: पाळलेला सरडा आणि माझे वडील. दुसरा आणून लावला असता तर मेन स्विच पडला असता. त्यामुळे प्राधान्यक्रम ठरवणे भाग होते.

सरड्याला घरात सगळे साहेब म्हणतात. दिवसभर काचेच्या पेटीत एका जागी बसतात, काही करत नाहीत आणि कुणावर खूश नसतात. साहेब थंड रक्ताचे. बत्तीस अंश मिळाले नाहीत तर खाल्लेलं पचत नाही, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. बाबांबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं.

"अरे, माझ्या खोलीत पाय गारठतात," बाबा म्हणाले.

"लेखी द्या."

बाबा निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी समास सोडून, व्यवस्थित अर्ज दिला. मी शेरा मारला: 'अर्जदार उष्ण रक्ताचे असून स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करण्यास सक्षम आहेत. सबब विनंती अमान्य.' बाबांनी तो वाचला, भाषा चांगली आहे म्हणाले आणि स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला.

हीटर पेटीला लागला. शेजारी नोंदवही ठेवली. सकाळ-संध्याकाळ मी लिहायचो, दुपारी बायको. तापमान बत्तीस, प्रकृती समाधानकारक. इतकी स्वच्छ वही मी ऑफिसातही कधी ठेवली नव्हती.

रविवारी पेटी पुसायला गेलो तर झाकण सरकलेलं आणि साहेब गायब. हीटर गार. थर्मामीटरवर सतरा. वहीत त्याच सकाळी माझ्या अक्षरात बत्तीस, समाधानकारक.

"तू थर्मामीटर बघत नव्हतास?" बायकोने विचारलं.

"वरची नोंद बघून लिहीत होतो. आणि तू?"

"मी तुझी बघून."

सोफ्याखाली शोधलं, कपाटामागे शोधलं. शेवटी बाबांच्या खोलीत गेलो. ते पेपर वाचत होते. स्वेटरच्या गळ्यातून साहेबांचं डोकं बाहेर आलेलं.

"परवापासून इथेच आहे," बाबा म्हणाले. "तुमचा हीटर जळला. बिचारा आखडून पडला होता. म्हटलं, आपण उष्ण रक्ताचे आहोत, तसा शेराच आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"लेखी द्यावं लागलं असतं. बोटं वळत नव्हती."

मी त्यांचा हात हातात घेतला. बर्फ नुसता. मला खरोखरच लाज वाटली. त्याच संध्याकाळी नवा हीटर आणून बाबांच्या खोलीत लावला आणि वहीत आदेश काढला: 'साहेबांचे मुख्यालय वडिलांच्या स्वेटरमध्ये हलवण्यात आल्याने हीटर तेथे मंजूर. वडिलांना अनायासे ऊब मिळाल्यास हरकत नाही.' बाबांनी खाली पोच म्हणून सही केली.

तुम्ही हसताय, हसा. पण तुमच्याकडचं म्हातारं माणूस ज्या खोलीत बसतं, तिथे आत्ता किती अंश आहेत ते सांगा. मोबाईल काढू नका, त्यात शहराचं दिसतं.