अण्णा भर समुद्रात

सुनेने कॉम्प्युटरवर वंशावळीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि कंट्रोलर मोठ्या हौसेने खुर्ची ओढून बसले. जन्मभर बस डेपोत गाड्या सोडल्या, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत.

"माणसाचं नाव घालायचं, जन्मगाव घालायचं, की नकाशावर टाचणी लागते," सून म्हणाली. "पण सगळ्यांना पाठवायच्या आधी एकदा तपासा हं, बाबा."

"कोण कुठून सुटलं, हे मला नको शिकवूस."

त्यांनी सुरुवात वडिलांपासून, म्हणजे अण्णांपासून केली. गावाच्या नावातला एक काना राहिला. सॉफ्टवेअरला गाव सापडेना, तेव्हा त्याने अण्णांना नेऊन ठेवलं भर समुद्रात. ते लक्षात येण्याआधीच चष्मा पुसणाऱ्या कंट्रोलरांचं कोपर कुठल्याशा बटणावर टेकलं आणि नकाशा समस्त भाऊबंदांना रवाना झाला.

घोट्याच्या वर पाण्यात कधी न उतरलेले अण्णा दुपारपर्यंत दर्यावर्दी झाले. चुलतभावाने कळवलं, "आपण मूळचे खलाशी असणार, हा संशय मला पहिल्यापासून होता." पुतणीने लगोलग मुलाचं नाव पोहण्याच्या क्लासात घातलं.

मग फोन वाजला.

"अण्णांना पाण्यातून बाहेर काढ."

"कोण बोलतंय?" आवाज ओळखूनही कंट्रोलरांनी विचारलं.

"अण्णांची मुलगी."

ताईचा फोन कित्येक वर्षांनी आला होता. आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र कुणी न्यायचं, यावरून बहीणभावात बिनसलं होतं. यंत्र शेवटी शेजारणीने नेलं. अबोला मात्र दोघांनी सारखा वाटून घेतला.

कंट्रोलरांनी तातडीने काना दिला. आता त्या नावाची तीन गावं निघाली. घाईत त्यांनी पहिलंच निवडलं. तिथलं त्यांच्याच आडनावाचं एक कुटुंब सॉफ्टवेअरने हुडकून काढलं आणि दोन्ही घरांना परस्पर कळवून टाकलं, की तुम्ही एकमेकांचे नातेवाईक असाल. रविवारी एक वयस्क जोडपं फळांची पिशवी घेऊन दारात हजर. त्यातल्या गृहस्थांनी कंट्रोलरांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"थेट आमच्या आजोबांचं नाक," ते म्हणाले.

त्यानंतर खरं सांगायची छाती कुणाची होणार?

संध्याकाळी ताईचा पुन्हा फोन. "पाहुणे आले होते म्हणे. कोण?"

"चुकीच्या गावचे."

"जेवले?"

"दोनदा."

ताई हसली. अण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून लहानपणी ती उशीत तोंड खुपसून हसायची, अगदी तसं.

मग रोजचाच रिवाज पडला. ताई फोनवरून सांगायची, कंट्रोलर टाचणी सरकवायचे.

"आणखी वर घे. चढ संपला की घर. अण्णा सायकल ढकलत यायचे तो चढ."

"आणि तू मागे बसून राहायचीस. उतरायची नाहीस."

"मला झोप लागलेली असायची."

"सोंग असायचं."

"अण्णांना ठाऊक होतं ते," ताई म्हणाली.

असं करत अण्णा घरी पोहोचले. आजोबा, पणजोबाही आपापल्या ठिकाणी लागले. अण्णांकडचा नकाशा बिनचूक झाला आणि ताईचे फोन थांबले. कंट्रोलर दोन-चार दिवस फोन उगाच उचलून पाहत होते, बिघडला तर नाही ना. "लाइन चालू आहे, बाबा," सून म्हणाली.

एका सकाळी ते पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. आईचं नाव घातलं आणि जन्मगाव म्हणून डोंगरापलीकडचं एक भलतंच शहर निवडलं. या खेपेला बटण कोपराने नाही, बोटाने दाबलं.

चहा निवायच्या आत फोन आला.

"आईला कुठे नेऊन टाकलंस? सगळ्या सुट्ट्या मामाकडे काढल्यास, आणि गाव विसरलास?"

"वय झालं, ताई. नीट आठवत नाही."

कंट्रोलरांची बोटं उगीच टेबलावर वाजत राहिली.

"हे फोनवर नाही जमायचं," ताई शेवटी म्हणाली. "उद्या सकाळी येते. जेवायलाच."

"ये."

"आणि ऐक, मावशीलाही कुठेतरी चुकीच्या गावी टाकून ठेव. एकट्या आईचं काम दुपारीच उरकेल."