देवरावजींचा वूफर

देवरावजी आमच्या घरी आले की आधी माझ्या टेपरेकॉर्डरची चौकशी करायचे, मग माझी. चहा निवून जायचा, पण त्यांचा कान स्पीकरच्या जाळीला चिकटलेला. मग डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तसं म्हणायचे, "गुरुजी, सरकी राह्यली, रुई उडाली."

पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. सगळ्या दुनियेला तो कापसाचीच भाषा लावायचा. आवाजाचा खालचा, जाड भाग म्हणजे सरकी. वरचा बारीक, लखलखीत भाग म्हणजे रुई. आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण ऐकून ते म्हणाले होते, "नुसता कवडी माल. वेचाले मजूर भेटनार नाई."

घरी त्यांनी स्वतः जुळवलेला ॲम्प्लिफायर होता आणि फळीवर दोन स्पीकर. दोन वर्षं त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा होता: हे स्पीकर काढून चांगले आणायचे, की हेच ठेवून जोडीला वूफर बसवायचा? वूफर म्हणजे खालचा आवाज घुमवणारा, जमिनीवर ठेवायचा डबा.

गावापुढे मात्र दुसरेच प्रश्न होते. बोंडांना अळी लागत होती, भाव पडत होता. जिनिंगच्या फाटकासमोर जिथं कापसाच्या बंड्यांची, बैलगाड्यांची रांग लागायची, तिथं कुत्री ऊन खात पडलेली. एकेक जिनिंग बंद पडत होती. सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर लोक एकमेकांना विचारत, "यंदा कसं होईन?" आणि मधेच देवरावजी विचारत, "स्पीकर का वूफर?"

एकदा तर एका मातीला गेलो असताना त्यांनी तिथंही मत मागितलं. एक म्हातारे भडकले. म्हणाले, "देवराव, इथं लोकायच्या घरी चूल पेटून नाई राह्यली, अन् तुले गानं सुचते?"

देवरावजी गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "दोन्ही घ्याव म्हन्ता? बराबर हाय."

स्मशानातही लोकांना हसू आवरेना. मीही हसलो. आता ते आठवलं की लाज वाटते.

शेवटी एका रविवारी ते मला यवतमाळला घेऊन गेले. दुकानदारानं भारीतले स्पीकर जोडले, बासरीची कॅसेट लावली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. वाजवणारा श्वास घेत होता तेही कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

देवरावजी हात मागे बांधून उभे होते. थोड्या वेळानं दुकानदाराला म्हणाले, "लावा नं बाप्पा आता. कायची वाट पाहून राह्यले?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

मग त्यानं वूफर जोडला आणि ढोलकीची कॅसेट लावली. फरशी थरथरली. देवरावजींनी तळहात छातीवर ठेवला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "हे!" ते म्हणाले. "हे बांधून द्या."

एसटी स्टँडवर बाकावर बसलो. खोकं त्यांच्या मांडीवर. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "केव्हापासून?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "दोन वर्सं झाले. पह्यले चिमन्या गेल्या, मंग सायकलची घंटी."

"मग स्पीकर बदलायचं काहून लावलं होतं?"

"लोकायले वाटलं पायजे का सेट खराब हाय, देवराव नाई. फिटरचे कान गेले म्हनून समजलं तं मालक एक दिवस ठेवन का? मशीनवर हात ठेवला का मले बेरिंग समजते. काम अडत नाई." त्यांनी खोक्याची सुतळी घट्ट केली. "अन् वच्छला. तिचा आवाज लय बारीक हाय, गुरुजी. लग्न झालं तवापासून दिवसभर बोलत राह्यते माह्याशी. सेट चालू असला का तिले वाटते, गान्याच्यापायी आयकू नाई गेलं. सेट बंद असला तं काय सांगू तिले?"

एसटी आली, खोकं मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले.

त्या वर्षी दिवाळी झाली तरी त्यांची जिनिंग उघडली नाही. संक्रांत आली. फाटकावरच्या कुलपाला गंज चढला. फिटर बहिरा आहे की नाही, हे विचारायलाही तिथं कुणी उरलं नव्हतं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. गल्लीच्या तोंडापासून वूफरचे ठोके ऐकू येत होते. दार उघडंच होतं. देवरावजी दाराकडे पाठ करून सेटसमोर बसलेले, एक हात वूफरच्या डब्यावर. मागे वच्छलाबाई तूर निवडत होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या. मी उंबऱ्यावर थांबलो. नुसता वूफरच चालू होता; त्याला वरचा आवाज नाही, म्हणून त्या ठोक्यांच्या मधून त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"अजी, मले लय भेव लागते. जिनिंग काई आता उघडत नाई. तुमचे कान गेले, तुमी मले सांगतही नाई. मी कोनापाशी बोलू जी? तुमच्यापाशीच बोलतो मी. तुमाले आयकू येत नाई म्हनून बोलतो."

काहीतरी जाणवून देवरावजी वळले. बायकोचे ओठ हललेले त्यांनी पाहिले.

"काय म्हन्लं वं?"

वच्छलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि ओरडून सांगितलं, "चांगला वाजते म्हन्लं!"