बॅटरीवर वाढवलेला नारळ

मुलांनो, एका जंगलात थंडी फार पडायची. म्हणून वडाच्या ढोलीतल्या पाळणाघरात बॅटरीवर चालणारी शेगडी होती. मागच्या हिवाळ्यात त्या बॅटरीतला द्रव पेटला आणि अर्धा वड जळाला. पिल्लं बाहेर खेळत होती, म्हणून वाचली.

वेणू नावाची तरुण सायाळ तेव्हा दूरदेशी शिकत होती. बातमी ऐकून ती परत आली, ती नवी बॅटरी आणि तशीच एक जादा घेऊनच. हिच्यात द्रव नव्हता, सगळं घन आहे असं तिने सांगितलं. मधोमध चिनी मातीसारखी पातळ, घट्ट वडी होती.

"म्हणजे ही पेटणार नाही?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"वडी अखंड आहे तोवर नाही, महाराज."

महाराजांनी त्यातलं 'नाही' तेवढं ऐकलं आणि मुहूर्त काढला.

उद्घाटनाला प्रधान गजराव हत्तींनी सोंडेत नारळ घेतला आणि बॅटरीवर नेम धरला.

"काका, दगडावर वाढवा!" वेणू ओरडली.

"उद्घाटन बॅटरीचं आहे की दगडाचं?" गजराव म्हणाले, आणि खाडकन नारळ वाढवला. टाळ्या पडल्या. खोबरं वाटलं गेलं.

वेणूने झाकण उघडून आतली वडी उजेडात पाहिली. केसाएवढी भेग होती.

"आता चार्ज करू नका. चार्ज होताना आतला लिथियम धातू भेगेत शिरतो, भिंतीत पिंपळाचं मूळ शिरतं तसा. मूळ पलीकडे टेकलं की आग."

गजरावांनी वाकून पाहिलं. "पिंपळ कुठाय? एक पान दिसेना."

"अगं, घन आहे असं तूच म्हणालीस ना?" पाळणाघर सांभाळणारी माकडीण म्हणाली. "घन वस्तू कशी पेटेल?"

"वडही घनच होता, मावशी."

"शिकून आली आणि उलट बोलायला लागली!"

बॅटरी ढोलीत गेली. महाराज भेटीला येणार होते, म्हणून झटपट चार्जिंगला लावली. पिल्लं शेगडीभोवती गोळा झाली. बॅटरीला हात लावला तर चटका बसत होता.

वेणूने वायर उपटली आणि बॅटरी ढकलत नदीच्या वाळूत नेली. तिथे ती फुटली. वेणूचे पाठीवरचे काटे जळाले. ढोलीत पिल्लं थंडीने रडू लागली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली.

"ढोलीत असताना बॅटरी पेटली?" गजरावांनी विचारलं.

"नाही, पण..."

"बाहेर नेल्यावर पेटली?"

"हो."

"मग बाहेर नेल्यानेच पेटली."

वेणूला जंगलात यायची बंदी झाली. तिने आणलेली दुसरी बॅटरी ढोलीत बसवली. तिच्यावर दोन नारळ वाढवले: एक शुभारंभाचा, एक शांतीचा.

पिल्लं उबेत झोपली आहेत. वेणू वेशीबाहेर बसली आहे, शेजारी वाळूने भरलेलं घमेलं घेऊन. तिची नजर ढोलीवरून हलत नाही.

तात्पर्य: भेग नारळाने पडत नाही, दाखवल्याने पडते. म्हणून मुलांनो, पिल्लं सुरक्षित राहावीत असं वाटत असेल, तर नारळ जोरात वाढवावा आणि भेग पाहणाऱ्याला वेळीच वेशीबाहेर काढावं.