तौनोची सुरी आणि तिसरी खाच

तौनोच्या मते जगात सुऱ्यांचे दोनच प्रकार होते: त्याने बनवलेल्या आणि मोडणाऱ्या. यंदाच्या सुरीबद्दल तर त्याने सगळ्या गावाला ऐकवलं होतं, "ही एक वेळ मला मोडेल, पण स्वतः मोडणार नाही."

सुरी दिसायला अगदी साधी. चार बोटं लांब पातं, बर्च झाडाच्या गाठीची मूठ, चामड्याचं म्यान. पण ती हातात घेतली की माणूस बोलायचा थांबे. पोस्टमन एकदा हातात घेऊन असा उभा राहिला की त्या दिवशीची पत्रं गावाला दुसऱ्या दिवशी मिळाली.

एवढं असून तौनोला एकाच माणसाचं मत हवं होतं, आणि तो माणूस बोलत नसे. तो म्हणजे त्याचा सासरा, ओउला. तौनो दक्षिणेकडचा लोहार. अकरा वर्षांपूर्वी रिस्तेनशी लग्न करून तो इथे, पार उत्तरेला, इनारीच्या तळ्याकाठी, तिच्या माहेरीच राहायला आला. तेव्हापासून दर नाताळात तो सासऱ्याला एक सुरी देई. ओउला "हं, छान आहे" म्हणे आणि ती माळ्यावरच्या पेटीत ठेवून देई. पेटीत आता दहा सुऱ्या होत्या. ओउलाच्या कमरेला मात्र चाळीस वर्षांची जुनीच, झिजून झिजून काडी झालेली सुरी लटकत होती. आमच्याकडे माणूस कमरेला कोणाची सुरी बांधतो यावरून त्याचं मत कळतं. तेव्हा तौनोला गेली अकरा वर्षं सासऱ्याचं मत रोज, डाव्या कमरेला, डोळ्यांसमोर दिसत होतं.

म्हणून यंदा त्याने अकरावी सुरी भेट दिली नाही. परीक्षा ठेवली. वहीत पंधरा कसोट्या लिहिल्या आणि त्या सासऱ्यासमोर, अंगणातच, घ्यायला सुरुवात केली. ओउला पायरीवर बसून कॉफीत चीजचे तुकडे बुडवून खात होता.

सुरीने दोर दोनशे वेळा कापला. वाळलेल्या पाइनचा ओंडका, पात्याच्या पाठीवर सोटा हाणून, उभा फोडला. पत्र्याचा डबा उघडला. त्यानंतर, न धुता, तौनोच्या हातावरची लव काढली. तौनो दर वेळी सासऱ्याकडे पाही. सासरा कपात चीज शोधत असे.

नववी कसोटी मोठी होती. तौनोने सुरी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, लाकडी भिंतीत ठोकली आणि मुठीवर उभा राहिला. ब्याण्णव किलोचा माणूस! पातं केसभरही वाकलं नाही. तौनो वरूनच म्हणाला, "बघितलंत, बाबा?"

"बघितलं," ओउला म्हणाला.

सुरी मात्र इतकी घट्ट रुतली की दोन दिवस निघेना. घरच्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले. तिसऱ्या दिवशी ओउलाने अंघोळीनंतर आपला टॉवेल तिथून काढला आणि अकरा वर्षांतलं पहिलं विस्तृत मत दिलं.

"खुंटी चांगली आहे."

तौनोने त्याच दिवशी सुरी उपटून काढली, पण तो जेवला नाही. रिस्तेन बापाला म्हणाली, "बाबा, अहो जरा बरं बोला ना त्याच्याशी. महिनाभर भट्टीपाशी होता तो."

ओउलाने कपातला शेवटचा चीजचा तुकडा खाल्ला. मग जावयाला विचारलं, "कान कापते का?"

तौनो उठूनच बसला. "कान काय, बाबा, केस उभा चिरते."

"केस नको. उद्या वासरांना खुणा करायच्या आहेत. एक वासरू तुझ्या सुरीने. खूण नीट उमटली तर बांधीन कमरेला."

"कुठलंही घ्या," रिस्तेन म्हणाली, "फक्त माझं पांढरं नको."

रेनडिअरच्या वासराच्या कानावर ज्याची खूण, त्याचं ते वासरू. त्यापुढे कोर्टही बोलत नाही. रिस्तेनची खूण म्हणजे उजव्या कानाच्या मागच्या कडेला दोन खाचा. शेजारच्या एल्लेची खूण अगदी तीच, फक्त खाचा तीन. दोन्ही घरं एकाच पणजीची, आणि त्या एका खाचेवरून दोघांकडून टोमणे चालू असत.

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या आवारात पाचशे जनावरं गोल गोल फिरत होती. तौनोला अकरा वर्षांनंतरही त्यातलं एक ओळखता येत नसे. ओउला मात्र मध्ये उभा राहून नुसतं बघे आणि सांगे, हे वासरू त्या वाकड्या शिंगवालीचं, ते परवा आजारी होती तिचं. तौनोला ते दर वर्षी पाहून थक्क व्हायला होई. ओउलाने फास फेकला. फासात आलं ते नेमकं पांढरं वासरू. शेकड्यांत एखादं होणारं, दुधासारखं, रिस्तेनने वसंतापासून डोळ्यांत तेल घालून जपलेलं.

"बाबा, ते सोडा," रिस्तेन कुंपणावरून म्हणाली.

"फासात आलेलं सोडत नाहीत," ओउला म्हणाला आणि जावयापुढे हात केला. तौनोने सुरी दिली.

आता ओउलाची एक सवय. तो कापताना कानाकडे बघतच नसे. नजर वासराच्या आईवर आणि सगळा हिशेब बोटांत. जुनी सुरी कापताना कर्र करी, हाताला हिसका बसे, की झाली एक खाच. साठ वर्षांत त्याची एकही खूण चुकली नव्हती. त्याने सुरी टेकवली. कर्र नाही, हिसका नाही, काहीच नाही. घसरली, असं समजून त्याने पुन्हा टेकवली, जरा जोर देऊन. मग शेवटची. वासराने कानही हलवला नाही.

वासरं मोजायला सोपं जावं म्हणून कापलेले तुकडे आम्ही खिशात ठेवतो. खिशात टाकण्याआधी ओउलाने मूठ उघडली. तुकडे तीन होते.

 कुंपणाशी कॉफी पीत उभी असलेली एल्ले म्हणाली, "ओउला, माझं वासरू किती प्रेमाने धरलंयस रे. सोड आता, आई शोधतेय त्याची."

रिस्तेनने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुरीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. तौनोला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं. पण त्याच वेळी त्याची नजर त्या कानावर गेली आणि हलेना. इतक्या स्वच्छ खाचा! रक्ताचा एक थेंब, तोही उशिरा आलेला. एल्ले कुंपण ओलांडून आली, वाकली आणि तिचा आवाज एकदम उतरला.

"अशी खाच मी जन्मात पाहिली नाही," ती म्हणाली.

मग कुंपणाशी जमलेले बाकीचे गावकरी आले. सुरी हातोहात फिरली. चर्चमध्येही टोपी न काढणाऱ्या एकाने टोपी काढली. तौनोला लाज वाटत होती आणि छाती फुगत होती, दोन्ही एकदम. त्याने लाजेसाठी मान खाली घातली होती, ती हसू लपवायलाही उपयोगाला आली.

एल्ले सरळ बाई. ती म्हणाली, "मी कोणाचं फुकट ठेवणार नाही. माझं एक वासरू रिस्तेनच्या खुणेने देते, रीतच आहे. पण कापणार याच सुरीने. ओउलाला नाही जमलं, मला जमेल."

"मावशी, जरा हलक्या हाताने," तौनो म्हणाला.

"जावई, तू सुऱ्या बनव. कान मला माहीत आहेत."

तिने चष्मा लावला, वासरू गुडघ्यात धरलं, नाक कानाला टेकेपर्यंत वाकली आणि मोठ्याने मोजलं, "एक. दोन." डोकं तिथे थांबलं. पण हात साठ वर्षं तीनच खाचा कापत आला होता. जुन्या सुरीने तिसरीसाठी जोर लावावा लागला असता आणि तेवढ्यात आठवलंही असतं. या सुरीने तेवढी उसंत दिली नाही.

ओउलाने वाकून कान पाहिला. "अभिनंदन, एल्ले. तुझंच वासरू तुला मिळालं."

हसून हसून दोन माणसं कुंपणावरून पडली. शेवटी ओउलाने आपली जुनी काडी काढली आणि एल्लेच्या तिसऱ्या वासराला कर्र, कर्र अशा दोन खाचा घातल्या. ते वासरू तपकिरी होतं, एक डोळा बारीक होता आणि सुटल्या सुटल्या त्याने रिस्तेनच्या पोटरीला लाथ मारली. पांढरं एल्लेच्या कळपात गेलं. रिस्तेन ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. एल्ले तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पांढरीचं पहिलं पिल्लू तुझं. मात्र ते तुझ्या बापाच्या जुन्या सुरीने कापू."

तौनोने सुरी पुसून म्यानात घातली. ही अकरावी, तो मनात म्हणाला. पेटीत जागा होतीच.

तेवढ्यात ओउलाने हात पुढे केला. "दे."

"कशाला, बाबा?"

"खूण नीट उमटली तर बांधीन म्हटलं होतं ना. नीट उमटली. एल्लेची."

आणि त्याने सगळ्यांसमोर ती सुरी पट्ट्यात ओवली, जुनीच्या शेजारी. तौनोने अकरा वर्षं ज्यासाठी काढली ते समोर लटकत होतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण ओउला खाली वाकून जमिनीवरचा एक खरबरीत दगड शोधत होता. त्याने दगड आणि सुरी दोन्ही जावयाच्या हातात दिली.

"धार जरा कमी कर."

तौनोने जन्मात कधी सुरी बोथट केली नव्हती. ते कसं करतात हेही त्याला माहीत नव्हतं. तो एका ओंडक्यावर बसला आणि महिनाभर लावलेली धार दगडावर घासू लागला. थोड्या वेळाने सासऱ्याने अंगठा फिरवून पाहिला, जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि दगड परत त्याच्या हातात दिला.

"अजून थोडी," ओउला म्हणाला.