हेडाऊ सरांचं चुकीचं उत्तर

हेडाऊ सरांना काहीही विचारा, ते आधी चुकीचं उत्तर देणार. सक्करदऱ्यात आमची भिंतीला भिंत, शिवाय कॉलेजात गणित शिकवायला आम्ही एकत्र, त्यामुळे माझी सुटका नव्हती. एकदा शिंप्याने त्यांना शर्टाची बाही कुठवर ठेवू विचारलं, तर सर म्हणाले, "ठेव गुडघ्यापर्यंत." मग हात लोंबता सोडून पाहिला. "नाही, जास्त झाली. मनगटापर्यंत. थोडी अजून वर घे."

शिंपी कावला. "काहून गंमत करून राहिले सर?"

"गंमत नाही गा. अंदाज ठेव, चूक पाहा, सुधार. पहिल्याच फटक्यात बरोबर यायची घाई काहून?"

यातच त्यांची हयात गेली. जी गणितं नेमकी सुटतच नाहीत, त्यांच्या उत्तराजवळ हळूहळू कसं सरकायचं, ही त्यांची विद्या. हँडल फिरवायच्या हिशेबाच्या खडखड्या मशीनवर सर घरी आकडे दळत बसायचे आणि आमचे विद्वान त्याला मुनीमगिरी म्हणून नाकं मुरडायचे. पुढे सरांच्या रीतीने उत्तर झटपट हाती लागतं असं कळलं आणि पूल बांधणारे इंजिनियर त्यांच्या दारात चपला काढू लागले. तेव्हा ती नाकं सरळ झाली. मला त्याचा अजून आनंद होतो.

मग सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, लकवा झाला. धंतोलीच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या, पण वाचा गेली ती गेलीच. सर खाटेशी बसून अंदाज ठेवू लागले. "पाणी पायजे का वं? चहा? नाही? मंग पांघरूण?" दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. आम्ही प्रयत्न केला की काकू रडकुंडीला यायच्या.

त्यातच मुंबईहून बोलावणं आलं. नवा संगणक, त्यावर सरांची रीत चालवायची, काही वर्षं तिथेच राहायचं, आणि काकूंना तर घरातून हलवणंही शक्य नव्हतं. उभा जन्म सरांनी याचीच वाट पाहिली होती. मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा काकू काहीतरी सांगायला धडपडत होत्या.

"उशी? खिडकी? मशीन?" काकूंचे डोळे चमकले. "मशीनचा आवाज होते का? नाही? मुंबईचं मशीन?" मान होकारार्थी हलली. सर पुढे झुकले. "मी मुंबईले जाऊ, असं म्हणून राहिली का वं?"

काकूंनी जोरजोरात होकार दिला. शंकेला जागाच नव्हती.

सरांनी त्यांचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाले, "नाही समजलं मले. पुन्हा पहिल्यापासून घेऊ. पाणी पायजे का वं?"

काकू रडत होत्या. रडता रडताच त्यांनी हो म्हणून मान हलवली, आणि सर पाणी आणायला उठले.